मेलेल्यांची फौज

आमच्या घरात दातांची कधीच कमी नव्हती. पुढच्या खोलीत बाबांचं काम चालायचं. लोक त्या खोलीला दुकान म्हणत, बाबा कारखाना म्हणत आणि आई चिडली की मसनवटा म्हणायची. बाबा कवळ्या बनवायचे. चिखलीतले दोन डॉक्टर, मेहकरचा एक आणि देऊळगाव राजाचा एक, असे चौघं जण पेशंटच्या जबड्याची मापं, म्हणजे लगद्यात घेतलेले ठसे, बाबांकडे पाठवायचे. बाहेरगावची मापं एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिलेली असायची, ती स्टँडवरून आणायचं काम माझं. त्या मापात प्लास्टर ओतून बाबा जबडा काढायचे, त्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि मग गुलाबी पावडर कालवून पितळी डब्यात दाबून तो डबा पातेल्यात उकळायला ठेवायचे. त्या पावडरीत घालायच्या औषधाचा वास इतका उग्र की ज्वारीच्या भाकरीलाही तो लागायचा. शाळेत माझ्याशेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या डब्याला दवाखान्याचा वास येतो. मी तिला म्हणायची, मग तुझा खा ना गुपचूप.

भिंतीला दोन फळ्या होत्या. खालच्या फळीवर चालू कामाचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव आणि गाव. वरच्या फळीवर कवळी तयार झाली पण न्यायला माणूसच राहिला नाही, अशांचे. बाबा ते फेकत नसत. का ठेवता म्हणून विचारलं तर म्हणायचे, कोणी आलं तर. आणि खरंच कोणी तरी यायचं. सकाळी सकाळी, अंघोळ न केलेला कोणाचा तरी मुलगा नाही तर जावई दारात उभा राहायचा आणि खालमानेने सांगायचा की बाप गेला, तोंड पार बसलंय, शेवटचं दर्शन घ्यायला लोक येऊन राह्यले, कवळी झाली असंल तर द्या. बाबा कवळी धुऊन, स्वच्छ फडक्यात गुंडाळून द्यायचे. त्यानंतर दिवसभर रेडिओ लावायचे नाहीत.

इतकं सगळं असून आमच्या घरात भूत नव्हतं, कारण ठेवायला परवानगीच नव्हती. आम्ही बौद्ध. बाबांनी लहानपणीच आम्हा दोघा भावंडांना सांगून टाकलं होतं की आत्मा नाही, भूत नाही, अंगात येणं नाही, हे सगळं आपण सोडून आलो, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. गल्लीतल्या पोरी चिंचेखालून जाताना घाबरायच्या आणि मी ऐटीत जायची. घाबरायची मीही, पण सांगणार कोणाला? शेजारच्यांकडे पितृपक्षात खीर-वड्याचं पान गच्चीवर ठेवत, कावळ्याची वाट बघत. मला त्यांचा हेवा वाटायचा. वर्षातून एकदा का होईना, त्यांचे गेलेले लोक जेवायला तरी येत होते.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मिलिंद. पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एक खेळ शिकून आला. हॉस्टेलवर त्याचा केदार नावाचा मित्र होता, त्याचा हा नाद. खेळ असा की टेबलावर डोंगर, नद्या, किल्ले मांडायचे आणि दोघांनी आपापली फौज उतरवायची. फौजेतले सैनिक बोटाच्या पेराएवढे, ते सुटे भाग कापून, चिकटवून, बारीक ब्रशने रंगवून आपणच तयार करायचे. टेपने मोजून चालवायचे, फासे टाकून लढायचं. फौजा पाच-सहा तऱ्हेच्या. राजाचे घोडेस्वार, हजार वर्षं जगणारे जंगलातले लोक, खाणीतले बुटके, हिरवे राक्षस, आणि एक हाडांच्या सापळ्यांची, मेलेल्यांची. दादा म्हणाला, पहिली फौज जपून निवडायची असते वैशे, ती आपल्याले सोडत नाही.

खरे सैनिक महाग, ते त्याच्याकडे तेव्हा नव्हतेच. मग काय, दुकान होतं ना. कवळीसाठीचे तयार दात सहा-सहाच्या पट्टीत यायचे, ते काढून आम्ही दातांच्या फौजा केल्या. दाढा पायदळ, सुळे भालेवाले, पुढचे दोन मोठे दात सरदार. वरच्या फळीवरचे जबडे उतरवून त्यांचे किल्ले केले. दुपारी बाबा जेवून पडले की आम्ही फरशीवर लढाई लावायचो आणि आई शेंगदाण्याची चटणी कुटता कुटता ओरडायची की मेलेल्यायच्या तोंडाशी काय खेळून राह्यले बे. मी प्रत्येक वेळी हरायची. दादा हसून हसून लोळायचा. त्या सुट्टीतच माझ्या फौजेतली एक दाढ बाबांच्या चालू कामात मिसळली आणि साखरखेर्ड्याच्या एका काकांच्या कवळीत पिवळट दाढ जाऊन बसली. काकांना ती इतकी आवडली की बदलून घ्यायलाच तयार होईनात. खरी दिसते, म्हणाले. बाबा आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत, पण नंतर हा किस्सा ते स्वतःच लोकांना सांगायचे.

त्यानंतर दादा आलाच नाही. परीक्षा, प्रोजेक्ट, काही ना काही. दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा. दुकानातल्या फोनवर आधी मी झडप घालायची, मग आई, बाबा शेवटी दोन वाक्यं. त्या काळात आमच्या बोलण्यात एकच विषय. तो शिकवण्या घेऊन पैसे साठवत होता आणि मला माझी पहिली फौज घेऊन देणार होता. कोणती पाहिजे ते सांग, म्हणायचा. मी दर रविवारी बदलायची. कधी घोडेस्वार, कधी जंगलातले लोक. माझी दहावी होती, भूमितीच्या वहीत मागच्या पानावर मी याद्या केल्या होत्या. शेवटी एका रविवारी तो वैतागला. आज सांगितलं नाहीस तर मी माझ्यासाठीच घेतो, म्हणाला. मी विचारलं, कोणती घेतली म्हणजे मी हरणार नाही? तो म्हणाला की तसं काही नसतं, पण मेलेल्यांच्या फौजेत एक सोय आहे, पडलेला सैनिक फासा चांगला पडला की परत उठतो. मग तर प्रश्नच मिटला. मी म्हटलं, मले मेलेल्यायची दे. तो म्हणाला, पक्कं? परत बदलशील. मी म्हटलं, पक्कं, मेलेलेच पाह्यजेत मले. तो मोठ्याने हसला आणि तेवढ्यात फोन कटला. आई हात पुसत आली तोवर खरखर उरली होती.

गुरुवारी सकाळी दादा गेला. जालन्यापर्यंत बसने आला होता, तिथून जीपमध्ये बसला आणि ती जीप उलटली. सुट्टी नव्हती, सण नव्हता, तो मधल्या वारी गावाकडे कशाला येत होता हे कोणालाच समजलं नाही. निरोप आला तेव्हा बाबा एका बाईच्या कवळीला पॉलिश करत होते. मशीन बंद केलं, चप्पल घातली आणि जाताना कप्प्यातून मेणाची वडी आणि दातांच्या दोन पट्ट्या खिशात टाकल्या. तेव्हा मला वाटलं की माणूस भांबावला म्हणजे हाताला येईल ते उचलतो. ते भांबावले नव्हते. दादाला घरी आणलं तेव्हा त्याचा चेहरा नीट होता, ओठ मिटलेले होते, आणि आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. हे बाबांनी कुठे बसून, कोणाच्या परवानगीने केलं, ते मी कधी विचारलं नाही. आज मी बाबांच्या तेव्हाच्या वयाची आहे, माझाही मुलगा बाहेरगावी शिकतो, आणि ते मेण खिशात टाकणारे हात आठवले की माझ्याने हातातलं काम होत नाही.

दादासाठी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि मी एकटी उरले माझ्या वाक्याबरोबर. मेलेलेच पाह्यजेत मले. पक्कं. मी मागितलं आणि चौथ्या दिवशी मिळालं. हसू नका. पंधरा वर्षांच्या मुलीला हा हिशेब इतका सरळ दिसत होता की त्यात चूक शोधायलाही जागा नव्हती. दुसऱ्या कोणाच्या घरी असते तर आजीने मीठ-मिरच्या ओवाळल्या असत्या, कोणी जाणत्याकडे नेलं असतं, त्याने काहीतरी बडबड करून दोरा बांधला असता आणि मी सुटले असते. आमच्या घरी ती दारं बंद. जे नसतंच, त्याची भीती बाबांना सांगायची कशी? आणि आईला सांगायचं म्हणजे, तुझा मुलगा मी मारला, असंच सांगायचं. मी गप्प राहिले. दहावी पास झाले, अकरावीला गेले, जेवले, झोपले. दीड वर्ष.

त्या दीड वर्षात दुपारी एक आवाज यायचा. उन्हात गल्ली सामसूम, बाबा आत पडलेले, आणि दुकानातून फाशांचा खुळखुळाट. दादाचे दोन फासे गोळ्यांच्या जुन्या पत्र्याच्या डबीत असायचे, ती डबी त्याच्या पेटीत. आवाज तिचाच, मी चुकणं शक्य नव्हतं. थोडा वेळ वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. मी मधल्या खोलीत पुस्तक तोंडावर धरून पडून राहायची आणि मनात म्हणायची, दादा, जा रे. मग लगेच, नको जाऊस. त्याला काहीतरी पाहिजे असणार, नाहीतर कशाला येईल, आणि काय पाहिजे असणार ते मला ठाऊक होतं. त्याला मी पाहिजे होते. एका दुपारी अंगातलं सगळं बळ एकवटून मी उठले आणि पडदा बाजूला केला. फरशीवर आई बसली होती. पाय पसरलेले, डोक्यावरचा पदर पडलेला. डबी कानाजवळ धरून ती हलवत होती, ऐकत होती, पुन्हा हलवत होती. मी पडदा सोडला आणि परत येऊन पडले. भूत निघालं नाही याचा आनंद व्हायला हवा होता. उलट त्या दिवसापासून मला घरात जास्त भीती वाटायला लागली.

मग पोळ्याच्या आधी एक दिवस केदार आला. उंच, गोरा, पाठीला सॅक, पुण्याचं स्वच्छ मराठी. नोकरी लागली होती, नागपूरला चालला होता, वाटेत उतरला. आईने त्याला पोहे केले, वर शेव घातली, आणि तो खाईपर्यंत त्याच्या हाताकडे बघत राहिली. सगळे दुकानातच बसलो होतो, कारण पाहुण्याला बसायला धड खुर्ची तिथेच, पेशंटची. केदारने बशी खाली ठेवली. शेवटी त्याने बाबांना विचारलं, "काका, आता तब्येत कशी आहे तुमची?"

बाबा म्हणाले, ठीक आहे, मले काय धाड भरली.

"नाही, तेव्हा तुम्ही खूप आजारी होतात ना. मिलिंद त्याच काळजीत निघाला होता."

बाबांनी चष्मा कपाळावर घेतला. आपण त्या वर्षी एक दिवसही आजारी नव्हतो, असं ते सांगू लागले, तोच आई रिकामी बशी घेऊन आत निघून गेली. बाबा वाक्य अर्धंच सोडून तिच्या पाठीकडे बघत राहिले. केदारला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. गडबडीने त्याने सॅक उघडली आणि एक खोका काढून माझ्या पुढ्यात ठेवला. खोक्यावर चित्र होतं. धुक्यातून चालत येणारे सापळे, हातात गंजलेल्या तलवारी, सगळ्यांचे दात उघडे.

केदारने सांगितलं की त्या सोमवारी तो आणि दादा मिळून पुण्यात त्या खेळाच्या दुकानात गेले होते. खोका केदारच्या कपाटात ठेवलेला, म्हणून बाबा दादाचं सामान न्यायला हॉस्टेलवर गेले तेव्हा मिळाला नाही, आणि नंतर आणून द्यायची त्याची हिंमत झाली नाही. हे चित्र बघून तुम्हाला कसं वाटेल, असं त्याला वाटत होतं. खोका सीलबंद आहे, दुकानदार ओळखीचा आहे, अजूनही बदलून देईल. कोणती फौज हवी तेवढं सांग, म्हणाला, मी पाठवून देतो.

मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. बदला, म्हटलं. कोणतीही द्या, ते हजार वर्षं जगणारे द्या, पण हे आत्ता घरातून न्या. माझा आवाज इतका चढला की माझा मलाच परका वाटला. हात खोक्याला लागू नये म्हणून मी पाठीमागे धरले होते.

बाबांची एक पद्धत होती. कवळी टोचते म्हणून कोणी आलं की ते अंदाजाने कधी घासत नसत. माणूस कितीही कळवळला तरी त्याला आधी नेमक्या जागेवर बोट ठेवायला लावायचे, तिथे पेन्सिलीने खूण करायचे आणि तेवढंच घासायचे. म्हणायचे, न विचारता घासलं तर चांगली कवळी हातची जाते. ते उठले, माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि पेशंटला विचारत तसं हळू विचारलं, "कुठं दुखते ते सांग, वैशाली. मंग बदलू."

मी सांगितलं. दीड वर्षाचं सगळं दोन वाक्यांत संपलं. "म्या फोनवर त्याले म्हटलं, मले मेलेलेच पाह्यजेत. म्हून मेला तो."

बाबा काही बोलायच्या आत पडद्यातून आई बाहेर आली. ती तिथेच उभी होती, सगळं ऐकत. तिच्या हातात ती बशी तशीच होती, धुतलेली नव्हती.

"तुह्यानं नाही मेला," ती म्हणाली. "म्या बोलावला त्याले. मंगळवारी तुमी जेवाले बसले होते तवा म्या फोन केला. तुह्या बाबाले लय बरं नाही, लवकर ये, असं सांगतलं. खोटं सांगतलं. दिवाळीपासून तोंड नव्हतं दिसलं त्याचं, अन् त्या रविवारी फोन बी माह्या हाती आला नाही."

केदार खुर्चीत आक्रसून बसला होता, गरीब बिचारा, कुठे येऊन पडलो असं त्याला झालं असणार. मी आईकडे बघत होते. दीड वर्ष मी जिच्यापासून लपत होते, ती माझ्यापासून लपत होती, तीन खोल्यांच्या घरात. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल याची मी वाट बघत होते आणि आईसुद्धा तीच वाट बघत होती. ते उठले, आईच्या हातातली बशी घेऊन टेबलावर ठेवली आणि तिला धरून आपल्या स्टुलावर बसवलं. तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. आमच्या घरात असं कोणी कोणासमोर करत नसे. म्हणाले, "एकटीनं काऊन धरून बसली एवढं?" मग आई रडली. दादाला घरी आणलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मी तिच्या मांडीत डोकं घातलं. बाहेरून एक गिऱ्हाईक डोकावलं, आणि बाबांनी नुसत्या हाताने त्याला उद्या ये म्हणून खुणावलं.

केदार हळूच उठला. खोका उचलून सॅकमध्ये घालू लागला, म्हणाला, काकू, मी हा नेतो, दुसरा पाठवून देतो.

आईने पदराने तोंड पुसलं. "बाबू, घेतला तवा तो खुशीत होता का?"

"खूप. दुकानातून परत येताना सिटी बसमध्ये मांडीवर घेऊन बसला होता. सगळ्यांना सांगत होता, माझ्या बहिणीने काय निवडलंय बघा."

"मंग नोको नेऊ," आई म्हणाली. "तिनं मागतलं अन् तिच्या भावानं आणलं. बदलाचं नाही काही." आणि मला खांद्याला धरून उठवलं. "फोड वं. पाहू दे मले, माह्या पोरानं काय आणलं तं."

बाबांनी मेण कापायची सुरी माझ्या हातात दिली. मी सील कापलं. आत अख्खा सैनिक एकही नव्हता, नुसते सुटे हात, पाय, बरगड्या आणि मुंडकी, सगळी जोडायची बाकी. आईने त्यातलं एक मुंडकं तळहातावर घेतलं, उजेडाकडे वळवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याचं आंग कोणतं?" मग आम्ही ते शोधायला बसलो.